हाराखालचा निळा दिवा

हूटगळ्ळीच्या सर्कलला केळीचे खुंट येऊन पडले की दसरा आला म्हणायचं. टेम्पोतून कोहळे उतरतात, रस्त्याच्या कडेला त्यांचे राखाडी ढीग लागतात. हातावर मोजून शेवंतीच्या माळा विकणाऱ्या बाया फुलांवर पाणी मारत बसतात. पाऊस धड जात नाही, धड पडत नाही. दोरीवरचे कपडे दिवसभर थंड आणि ओलसर राहतात. बेळगोळच्या कारखान्यांची फाटकं रंगवली जातात आणि ऑइलपेंटचा वास बसच्या खिडकीतून आत येतो. सगळं म्हैसूर न्हाऊन-माखून बसल्यासारखं दिसतं. राजवाड्याची रोषणाई पाहायला लोक लांबून येतात, मला मात्र डोळे मिटले की एक बारीक निळा दिवा दिसतो, शेवंतीच्या हाराखाली उघडमीट करणारा.

खरं तर तो दिवा मी पाहिलेला नाही. दादानं मला त्याच्याबद्दल सांगितलं, तेही एकदाच. स्वतः न पाहिलेली गोष्ट इतकी लख्ख कशी आठवते कोण जाणे.

आयुधपूजा आमच्या घरी कारखान्याच्या शिस्तीनं होते. आप्पा बेळगोळच्या एका कारखान्यात लेथवर होते, आणि निवृत्त होईपर्यंत युनियनमध्ये. तिथली रीत अशी, की आदल्या दिवशी मशीन रॉकेलनं पुसायचं, सुटे केलेले भाग पुन्हा जोडायचे. पूजेला मशीन जोडलेलं हवं, सुटा भाग पुजायचा नसतो. मग विभूतीचे पट्टे, कुंकू, हार. कोहळा फोडून झाला की मशीन क्षणभर रिकामं फिरवायचं, आणि त्यानंतर विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. आप्पा फार देवभक्त नाहीत, पण या रजेबद्दल कडवे. "मालक देवो न देवो, देवी देते," असं हसून म्हणायचे. घरीही तेच. आईचं शिवणयंत्र, विळी, पान्यांचा डबा, स्कूटर आणि हॉलच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर, सगळ्यांना एक दिवस विश्रांती. ती कुणी मोडू नये म्हणून बोगादीहून अत्ते यायची. अत्ते म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आत्या हा शब्द आमच्या घरात कधी आलाच नाही. तिचं एकच वाक्य सणभर घरात फिरायचं: "मुट्टू नको." हात लावू नको. अर्धं कन्नड, अर्धं मराठी आणि पूर्ण हुकूम.

तो कॉम्प्युटर आमच्याकडे पत्रकांसाठी आला होता. युनियनची पत्रकं आप्पा कन्नडमध्ये लिहायचे, आणि इथल्या जुन्या मराठी कुटुंबांच्या छोट्याशा मंडळासाठी मराठीत. छापून आलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी अक्षरं जोडायला शिकले. शाळेनं मला कन्नड आणि इंग्रजी दिलं. मराठी मला पत्रकांनी दिली. त्यामुळे माझ्या वाक्याच्या शेवटाला अजूनही मूठ आवळली जाते, आणि साधं पाणी मागितलं तरी ती मागणी वाटते, असं दादा चिडवतो.

त्या पत्रकांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर पुराणं होतं. त्यात लिहिलेलं मराठी दुसऱ्या यंत्रावर उघडलं की नुसती चिन्हांची रांगोळी दिसायची. ते चालायचं फक्त आप्पांच्या जुन्या विंडोजवर. आणि ते सुरू करताना दर वेळी यंत्र विचारायचं: हा प्रोग्राम अनोळखी आहे, चालू देऊ का? आप्पा 'हो' दाबायचे. वर्षानुवर्षं 'हो'. पुढेपुढे ते प्रश्न वाचतही नसत. चहाच्या कपाकडे हात जावा तसं बोट 'हो'वर जायचं.

पुढे त्या जुन्या विंडोजला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं, आणि आमच्या जेवणाच्या ताटांमध्ये युद्ध सुरू झालं. दादा बंगळूरला नोकरीला. त्याचा लॅपटॉप चंदेरी, पातळ, महागाचा. त्यातलं सगळं आपोआप कंपनीच्या क्लाउडवर जाऊन बसतं. मी लिनक्सवाली. कुणाच्या मालकीचं नसलेलं, कुणीही उघडून पाहावं असं सॉफ्टवेअर, या एका कल्पनेवर मी कॉलेजची वर्षं काढली.

"तुमच्या गाडीला आता सर्व्हिसिंग नाही, आप्पा," दादा म्हणायचा. "नवं घ्या."

"चालतंय की हे."

"चालतंय म्हणून काय झालं?"

"मीपण चालतोय. माझ्या जागीही नवा आणशील?"

"लिनक्स घालूया," मी म्हणायची. "त्याच यंत्रावर चालेल. फुकट आहे आणि आपलं आहे."

"तुझ्या त्यात माझी अक्षरं दिसतात?"

जुन्या सॉफ्टवेअरची ती अक्षरं त्यात दिसत नसत. अत्ते आलेली असली तर सारावर तूप सोडत म्हणायची, "पंथ तरी किती रे तुमचे. आमच्या वेळी दोनच होते. आमटीत गूळ घालणारे आणि न घालणारे."

आम्ही हसायचो. पण मला तेव्हाही राग येत होता आणि आजही येतो. चालत्या यंत्राला मृत ठरवायचा अधिकार कुणाचा? गिरणीतलं जातं झिजतं तेव्हा बदलतात. हे यंत्र झिजलेलं नव्हतं. त्याच्या दाराची कडी करणाऱ्यानं फक्त सांगितलं, की यापुढे कडी मोडली तर मी येणार नाही. रस्त्यावरच्या चोरांनाही ते त्याच दिवशी कळलं. हजारो घरांत अशी उघड्या दाराची यंत्रं आहेत, आणि त्यांच्यासमोर बसलेली माणसं आप्पांसारखी, शहाणी आणि हट्टी. यांना अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

म्हणून मी घरासाठी एक पत्रक लिहिलं आणि कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवलं. अनोळखी फाईल उघडू नका, इशारा वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका, प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि ती डिस्क प्रत घेण्यापुरतीच जोडा, मग काढून ठेवा. आप्पांनी चष्मा लावून ते वाचलं. "भाषा जहाल आहे," म्हणाले, "पण मागण्या स्पष्ट आहेत." आणि त्यांनी ते पाळलं. प्रत घेऊन झाली की ती काळी डिस्क रुमालात गुंडाळून आईच्या साड्यांच्या कपाटात जायची.

कारण त्या डिस्कवर आई होती.

आईचं माहेर जुन्या म्हैसूरच्या शिपाईगड्यांचं. पलटणीबरोबर आलेली माणसं, परत न गेलेली. त्यांच्या घरांत एक मराठी बोलली जाते, जी आता म्हाताऱ्यांबरोबर हळूहळू संपत चालली आहे. कन्नडचे तुकडे, जुने लष्करी शब्द, आणि वाक्याच्या शेवटी एक लांबट हेल. आई आजारी पडली तेव्हा आप्पा तिच्या उशाशी फोन ठेवून तिला बोलतं करू लागले. दसऱ्याला घरात बाहुल्या मांडायची रीत काय, कुणाच्या अंगणात कुठलं झाड होतं, तिच्या घरी कढीला काय म्हणत. मागे कुकरची शिट्टी, रस्त्यावरून जाणारा भाजीवाला, आणि आईचं हसू. "सुम्ने काय ते धरून बसलात," ती म्हणायची, उगाच धरून बसलात, आणि मग अर्धा तास थांबायची नाही. फोन भरला की आप्पा सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचे आणि फोन रिकामा करायचे.

ती गेल्यावर ते रोज सकाळी कानाला हेडफोन लावून बसू लागले. एकेक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, टाइप करायचं. तिच्या शब्दांची एक छोटी पुस्तिका काढायची होती त्यांना. "पत्रकच आहे," ते म्हणाले, "फक्त यात मागणी नाही." त्या तासांत त्यांच्याकडे पाहवत नसे. पाठमोरे बसलेले असायचे ते, आणि मध्येच मान हलवायचे, जशी समोर बसलेल्या माणसाला हलवतात.

दादा म्हणाला होता, "क्लाउडवर टाकूया. एवढंच मागतो."

"तुझी आई परक्याच्या कोठीत ठेवू?" आप्पा म्हणाले.

मी आप्पांच्या बाजूनं बोलले. माणसाचा आवाज कुणा कंपनीच्या गोदामात ठेवू नये, हे माझं मत होतं. अजून आहे. हे वाक्य लिहिताना आता वेळ लागतो, एवढाच फरक.

मागचा दसरा समजायला त्याच्याही मागचा सांगायला हवा. त्या वर्षी आई बाजेवर पडून पूजा पाहत होती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आप्पांनी चामुंडीदेवीचं चित्र लावलं होतं. पूजेनंतर थोड्या वेळानं, कुणी हात न लावल्यामुळे, पडदा आपोआप काळा झाला. वीज वाचवायची सोय, दुसरं काही नाही. अत्तेच्या तोंडचं पाणी पळालं. थंडी संपायच्या आत आई गेली, आणि मग अत्ते म्हणाली: "देवी मिटली होती त्या दिवशी."

म्हणून मागच्या वर्षी आप्पांनी ठरवलं की पडदा मिटू द्यायचा नाही. बहिणीची समजूत म्हणून, असं ते म्हणाले. पडदा झोपण्याची सोय त्यांनी बंद केली. आणि इंटरनेटवर शोधून एक हलतं चित्र उतरवून घेतलं. देवी, तिच्यापुढे लुकलुकणाऱ्या समया, मध्येच घंटेचा नाद. असलं हलतं चित्र हा एक प्रोग्रामच असतो, त्याच्या पोटात दुसरा दडून येऊ शकतो. यंत्रानं विचारलं, चालू देऊ का? बोट 'हो'वर गेलं.

मग त्यांनी कपाटातून काळी डिस्क काढली.

"ही कशाला?" दादानं विचारलं. तो आदल्याच दिवशी आला होता.

"वर्षभर तुझ्या आईला सांभाळते ती. तिला पूजा नको?"

"मग नुसती ठेवा."

"सुटा भाग पुजत नाहीत," आप्पा म्हणाले, आणि वायर जोडली. वर विभूतीचं बोट ओढलं, कुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला. डिस्क फुलांखाली दिसेनाशी झाली.

मी घरी नव्हते. सुट्टीचा दिवस साधून आम्ही काही जणांनी बोगादीच्या एका वाचनालयात लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स घालून द्यायचं ठरवलं होतं. निघताना अत्ते म्हणाली, "आजच्या दिवशी यंत्रांची पोटं उघडून ठेवतेस गं." मी हसले. वाचनालयात झेंडूचा वास होता, आणि एका मास्तरणीबाईंच्या कीबोर्डवर आधीच कुंकू लागलेलं होतं. आम्ही दिवसभर दुसऱ्यांची दारं बंद करत होतो. मी भाषणही केलं, छोटंसं.

त्या दुपारी घरी काय झालं ते दादानं सांगितलं. जेवणं झाली होती. बाहेर कुणीतरी कोहळा फोडला, स्कूटर सुरू झाल्या. हॉलमध्ये कॉम्प्युटरचा पंखा मोठ्यानं फिरत होता आणि पाकळ्यांच्या फटीतून निळा उजेड उघडमीट करत होता, एकसारखा, घाईत.

"आप्पा, डिस्क का पळतेय?"

"अपडेट होत असेल."

"तुमचे अपडेट बंद झालेत ना."

आप्पा खुर्चीत डुलकीला लागले होते. दादा उठला आणि वायरीकडे हात नेला.

"मुट्टू नको," अत्ते म्हणाली. "नाळे." उद्या.

"अत्ते, एकदा बघतो फक्त."

"जळतोय तो दिवा जळू दे. मागल्या खेपेला मिटलं तेव्हा काय झालं, विसरलास?"

त्यावर कुणाचा हात पुढे जाईल? दादा परत बसला. अत्तेनं त्याला वाटीत पायस दिलं आणि त्यानं खाल्लं. ती म्हणाली, "बघ, श्वास घेतल्यागत चाललंय."

मी संध्याकाळी परतले तेव्हा पडद्यावर देवी होती, समया होत्या, घंटा वाजत होती. पंखा शांत झाला होता. हाराखाली काय आहे ते मला दिसलं नाही. मी चप्पल काढून आत आले, हात धुतले आणि नमस्कार केला.

विजयादशमीच्या सकाळी आप्पांनी फुलं उतरवली आणि माऊसला हात लावला. देवी गेली. तिच्या जागी लाल पान आलं, इंग्रजी मजकुराचं, नम्र भाषेत. तुमच्या फाईलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर किंमत मोजा. कॉम्प्युटरवरच्या फाईलींना तेच, डिस्कवरच्याही; आदल्या दुपारी तो निळा दिवा त्यासाठीच पळत होता. नावं मात्र वाचता येत होती. आई-बाहुल्या. आई-कढी. आई-माहेरचं अंगण. प्रत्येक नावाला मागे अक्षरांचं एक अर्थहीन शेपूट. आप्पा एकेका नावावर दोनदा टिचकी मारत राहिले, ओळखीच्या दारावर वाजवावं तसे.

दादा पैसे द्यायला तयार होता. "मी देतो, माझ्या पगारातून. कुणाला विचारत नाही."

"त्यांनी किल्ली नाही दिली तर?" मी म्हणाले. "आणि दिली, तर त्या पैशांवर ते उद्या कुणाच्या घरात शिरतील?"

"तुझं पत्रक वाचू नकोस आता. आई आहे त्यात."

"मला माहीत आहे कोण आहे त्यात."

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत नव्हतो. आप्पा म्हणाले, "कारखान्याच्या गेटवर उभ्या राहणाऱ्या गुंडांना मी कधी पैसे दिले नाहीत. तुमची आई तेव्हा घरात एकटी असायची, तुम्ही लहान. तिनंही कधी देऊन टाका म्हटलं नाही." मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला. अत्ते बन्नीची पानं घेऊन आली होती, सोनं म्हणून वाटायला. ती पानं तिनं कुणालाच दिली नाहीत. हातात चुरगळत बसली आणि दुपारच्या बसनं बोगादीला गेली.

सायबर गुन्ह्याची तक्रार नोंदवली, ती नोंदली गेली. एका मित्रानं सांगितलं की कुलूपबंद डिस्क पुसू नका. अशा टोळ्या कधीतरी पकडल्या जातात, किल्ल्या बाहेर येतात. कधीतरी. म्हणून ती डिस्क पुन्हा रुमालात, साड्यांच्या कपाटात आहे. आई तिथेच आहे, पूर्ण आहे, एक शब्दही हरवलेला नाही, आणि ऐकू येत नाही.

नंतर एक तुकडा सापडला. आप्पांनी कधीतरी चुकून दादाच्या फोनवर पाठवलेला. त्यात भांडं ठेवल्याचा आवाज आहे आणि आई म्हणते, "पुरे. बंद करा आता." बस, एवढंच. तो वाचला, कारण दादाच्या फोनातलं सगळं परक्याच्या कोठीत जाऊन बसतं. दादानं यावर मला कधी टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी म्हणाले असते की एका तुरुंगातून वाचलेली गोष्ट दुसऱ्या तुरुंगात सापडली म्हणून तुरुंग चांगले ठरत नाहीत. हे खरं आहे. पण ते म्हणून झाल्यावर मला काय वाटलं असतं, ते मला माहीत आहे.

आपण घराला ग्रील लावतो, फाटकाला कुलूप लावतो. इथे हूटगळ्ळीत नवीन घर बांधणारा माणूस आधी कंपाउंड घालतो, मग पाया खणतो. आणि आत, हॉलच्या कोपऱ्यात, एक खिडकी अख्ख्या जगाच्या रस्त्यावर उघडी असते. तिच्यासाठी कुठली कडी चांगली यावर आम्ही तिघं वर्षानुवर्षं भांडलो. आमच्यातलं प्रत्येक जण थोडंथोडं बरोबर होतं.

आता आप्पांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. मीच घातलं, त्यांनी विरोध केला नाही. विरोध न करणारे आप्पा मला परके वाटतात. नव्या यंत्रणेत नव्यानं लिहिलेलं मराठी उत्तम दिसतं, कुठलाही इशारा येत नाही, दुरुस्त्या वेळेवर होतात. ते त्यावर बसत नाहीत. पुस्तिकेची जेवढी पानं कागदावर काढली होती, तेवढी पिशवीत आहेत. कढीपाशी थांबलेली.

परवा आयुधपूजा झाली. आप्पांनी सगळं पुसलं, पट्टे ओढले. डिस्क त्यांनी कपाटातून आणली, पण कॉम्प्युटरपासून दूर, शिवणयंत्राच्या फळीवर ठेवली. वायर वेगळी गुंडाळून दुसऱ्या टोकाला. सुटा भाग. त्यांच्या हातून असं होताना मी प्रथमच पाहिलं. कॉम्प्युटर क्षणभर चालवून मी बंद केला. पडदा काळा झाला. अत्ते पाहत होती. ती वर्षभरात खूप वाळली आहे.

जेवणानंतर आम्ही तसेच हॉलमध्ये बसलो होतो. दादा फोनमध्ये, आप्पा खुर्चीत. अत्ते खाली चटईवर, दुसऱ्या दिवसासाठी कुंकू कालवत. कोपऱ्यात, स्टुलाच्या मागे, इंटरनेटच्या डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, नेहमी लुकलुकतो तसा. मी पाहिलं की अत्तेचं बोट वाटीत थांबलं आहे. ती उठली, गुडघ्यावर हात देत, भिंतीपाशी गेली आणि तशाच ओल्या हातानं प्लग ओढून काढला.

"अत्ते," दादा म्हणाला, "ते नुसतं इंटरनेटचं आहे. ते रोजच तसं करतं."

"असू दे," ती म्हणाली, आणि परत येऊन वाटी जवळ ओढली.

आप्पांनी डोळे उघडले होते. रात्रीपर्यंत कुणी तो प्लग पुन्हा लावला नाही. विजयादशमीच्या सकाळी मी लावायला गेले, तेव्हा पांढऱ्या प्लास्टिकवर तिच्या दोन बोटांचं कुंकू वाळून बसलं होतं. ते न पुसता मी लावला.